दसऱ्याच्या गाडीला चिखल

टीव्हीवर एखादी गाडी घाटातलं वळण झोकात घेताना दिसते, तेव्हा ते वळण तिने त्या दिवशी अकरा वेळा घेतलेलं असतं. पहिल्या वेळी मेंढी आडवी आली, दुसऱ्या वेळी कॅमेऱ्यावर पाणी पडलं, तिसऱ्या वेळी सगळं उत्तम झालं पण मागे ट्रॅक्टर दिसला. अकराव्या वेळचं तुम्ही पाहता. उरलेल्या दहा वेळांचा हिशेब माझ्याकडे असे.

ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या मोटारींच्या एका टीव्ही कार्यक्रमात मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर होते. कार्यक्रमाच्या नावाने काही फरक पडत नाही, म्हणून ते लिहीत नाही. पडद्यावर मी कधी आले नाही. एकदा आले होते, एका काळ्या गाडीच्या दारात प्रतिबिंब म्हणून, हातात छत्री आणि क्लिपबोर्ड. ते फुटेज टाकून द्यावं लागलं.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. गाडी येते, चालते आणि परत जाते, या तीन गोष्टींत जे जे बिघडू शकतं त्याची आधी यादी करायची. कंपन्या चाचणीसाठी गाड्या द्यायच्या. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद यायचा, त्यावर गाडीचं चित्र, आणि आधीचे ओरखडे कुठे आहेत ते फुल्यांनी दाखवलेलं. गाडी परत जाताना फुल्या तेवढ्याच असायला हव्यात. त्याशिवाय रस्ता बंद करण्यासाठी कौन्सिलची परवानगी, गावकऱ्यांना पत्रं, जवळचं हॉस्पिटल, जवळचं टॉयलेट, शाळेच्या बसची वेळ, मेंढ्यांच्या बाजाराचा दिवस. पुण्याहून नॉटिंगहॅमला आले तेव्हा मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. मुलाखतीत मी तसं सांगितलं. डेबी, आमची डायरेक्टर, म्हणाली, "गाड्यांतलं कळणारे माझ्याकडे चौदा जण आहेत. शनिवारी दुकान किती वाजता बंद होतं हे कळणारं कुणी नाही." मला नोकरी मिळाली.

बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही अशी एक गोष्ट म्हणजे चिखल. सात मिनिटांची फिल्म शूट करायला दोन-तीन दिवस लागतात, पण पडद्यावर तो एकच प्रवास दिसायला हवा. म्हणजे बुधवारी संध्याकाळी गाडी जितकी मळलेली होती, गुरुवारी सकाळी ती तितकीच, त्याच ठिकाणी मळलेली हवी. हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या दिवसांत शूटिंगच्या मधल्या रात्री एक गाडी आमच्या आवारात उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मी ज्या घरात वाढले तिथे शेजारणीचा डबा परत करतानासुद्धा घासूनपुसून देतात. मी सकाळी लवकर येऊन ती गाडी स्वतः धुतली, काचा वर्तमानपत्राने पुसल्या, आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. डेबीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि, विजया हे माझं नाव नेहमीसारखं अर्ध्यावर तोडून, शांतपणे विचारलं, "विज, हे तू केलंस?"

ती फिल्म तशीच दाखवली गेली. गाडी एका बोगद्यात मळकी शिरते आणि स्वच्छ बाहेर पडते. वूस्टरशरच्या एका निवृत्त शिक्षकांनी पत्र लिहून विचारलं की हा बोगदा नेमका कुठे आहे, त्यांनाही गाडी धुवून घ्यायची आहे. हे गृहस्थ दर आठवड्याला लिहायचे. बहुतेक वेळा आमच्या लोकांनी वळताना इंडिकेटर दिला नाही यावर. मी त्यांची स्वतंत्र फाईल केली होती आणि मनात त्यांना माझे वरिष्ठ मानत होते.

त्या दिवसापासून मी चिखलाची वही सुरू केली. शूटिंग संपलं की गाडीचे चारही बाजूंनी फोटो, दारांचे जवळून फोटो, वायपरने काचेवर काढलेल्या अर्धवर्तुळाचा फोटो, आणि खाली टिपणं: 'डावं मागचं दार, हँडलखाली चार बोटं, वाळलेला.' सगळे हसायचे. पण गाडी दुसऱ्या दिवशी स्वच्छ आली की माझ्याकडेच धावत यायचे.

आता ज्या सीझनबद्दल लिहायला बसले तो. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं, शरद ऋतूतला सीझन, आणि त्याचा शेवटचा भाग. निक नावाचा आमचा निवेदक होता, उंच, आवाज मोठा, आणि जुनी गाडी दिसली की टिंगल सुरू. आमच्या कार्यक्रमात जुनी गाडी म्हणजे विनोद हा जुना नियम होता. एकीवर पियानो टाकला होता, एक तळ्यात सोडली होती. या वेळी डेबीला वेगळं करायचं होतं. तीस वर्षांपूर्वीची साधी कौटुंबिक गाडी, पहिल्यापासून एकाच मालकाची. ती निकने शेतातल्या वाटेने, ओढ्यातून न्यायची आणि डर्बीशरमधला एक चढ चढवायची. जाहिरातीत तेव्हा जे जे वचन दिलं होतं ते ती आज पाळते का, असा विषय.

"अशी गाडी कुठे मिळेल?" डेबीने मीटिंगमध्ये विचारलं.

मला माहीत होतं कुठे मिळेल. आमच्या महाराष्ट्र मंडळात डॉक्टर देशकर होते. मूळ नागपूरचे, त्वचारोगतज्ज्ञ, इथल्या हॉस्पिटलमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे चहाच्या रंगाची एक चौकोनी गाडी होती. या देशात आल्यावर त्यांनी घेतलेली पहिली नवी वस्तू. मंडळाच्या कार्यक्रमाला ते ती हॉलपासून लांब, एकटी उभी करायचे, शेजारच्या गाडीचं दार लागू नये म्हणून.

मी त्यांच्या घरी गेले. मालतीवहिनींनी चिवडा दिला. डॉक्टरांनी त्यांची स्वतःची यादी काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोडीचा माणूस पाहत होते. गाडीत कुणी खायचं नाही. दार हँडल धरून लावायचं, ढकलून नाही. रेडिओला हात लावायचा नाही. रात्री गाडी स्वतःच्या गॅरेजमध्येच राहणार, डॉक्टर स्वतः आणतील आणि नेतील. मी माझी यादी दिली. ओढ्याचं पाणी किती खोल, चिखल कुठला, आणि मोठ्या अक्षरांत: दोन दिवसांच्या मध्ये गाडी धुवायची नाही. त्यांनी वाचलं, सही केली. मी फाईल बंद केली.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "विजयाबाई, आणखी एक आहे. ते लिहू नका."

"बोला ना."

"गाडीला कुणी हसायचं नाही."

माझा हात सवयीने पेनाकडे गेला. ते म्हणाले, "हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये निवृत्त होईपर्यंत हसले. माझे ज्युनिअर्स हसायचे, त्यांचे ज्युनिअर्स हसायचे. त्याचं मला काही नाही. पण टीव्हीवर नको. मी तुमचा कार्यक्रम पाहतो. तो पियानो मी पाहिला आहे."

आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, तिला काऊन अडवून ठेवता दारात? बिचारीला जाऊ द्या."

निक काय बोलणार, डेबी काय ठेवणार, यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. मला टॉयलेट कुठे ठेवायचं यापलीकडे अधिकार नव्हता. मी म्हणाले, "नाही हसणार, डॉक्टर. माझा शब्द."

इतक्या वर्षांच्या नोकरीत न लिहिलेलं असं हे एकच आश्वासन, आणि तेच देण्याचा मला अधिकार नव्हता.

बुधवार उत्तम गेला. निकने गाडी शेतातून नेली, ओढ्यातून काढली, चढाच्या पायथ्याच्या पहिल्या वळणापर्यंत आणली. गाडी कमरेपर्यंत माखली होती. डॉक्टर खुर्चीवर टाय लावून बसले होते आणि प्रत्येक वेळी निकने दार लावलं की डोळे मिटत होते. निक दोन-तीनदा काही विनोद करायला गेला, तेव्हा मी त्याच्यासमोर चहाचा कप धरला. चहा पिताना माणसाला बोलता येत नाही. पण दोन दिवस असे चहाचे किती कप देणार, हा प्रश्न होताच. चिखलाच्या वहीसाठी मी एकतीस फोटो घेतले. संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन नॉटिंगहॅमला गेले.

गुरुवारी रस्ता नऊ ते एक बंद ठेवायला कौन्सिलने परवानगी दिली होती. चढ फिल्ममधला शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. पावणेनऊला पिवळं जॅकेट घातलेला कौन्सिलचा माणूस रस्त्यावर अडथळे लावत होता, केटरिंग व्हॅनमधून बेकनचा वास येत होता, आणि वळणावरून डॉक्टरांची गाडी आली.

ती चमकत होती. इतकी की कॅमेरामनने सवयीने डोळ्यांवर हात धरला. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, त्यावर केशरी शेवंतीचा हार, आरशाला छोटी माळ, चाकाला कुंकवाची बोटं. डॉक्टर कोट घालून उतरले. मागून वहिनी उतरल्या, पैठणीवर जाड जॅकेट, हातात स्टीलचा डबा.

"दसऱ्याच्या शुभेच्छा, विजयाबाई," डॉक्टर म्हणाले.

इथे माझी चूक मला मान्य करायला हवी. माझ्या कॉलशीटवर, म्हणजे शूटिंगच्या दिवसाच्या वेळापत्रकावर, सूर्योदय होता, सूर्यास्त होता, मेंढ्यांचा बाजार होता, जवळच्या गावातली फुटबॉलची मॅच होती. दसरा नव्हता. कारण घरच्या कॅलेंडरवर दसरा शनिवारी होता. आमचं मंडळ सगळे सण येणाऱ्या शनिवारी करतं, हॉल तेव्हाच मिळतो. इतकी वर्षं माझी संक्रांत शनिवारी, गणपती शनिवारी, दसरा शनिवारी. खरा दसरा आठवड्याच्या मधल्या वारीही येतो हे मी विसरून गेले होते. डॉक्टर पंचांग बघणारे.

"डॉक्टर, आपलं ठरलं होतं, धुवायची नाही."

"ते इतर दिवसांचं," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुम्ही आपल्यातल्या. दसऱ्याला गाडी धुवू नका असं तुम्ही म्हणाल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

डेबी आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. ती फेरी माझ्या ओळखीची होती.

"विज."

"या वेळी मी नाही," मी म्हणाले.

निकला हार फार आवडला. तो म्हणाला की असंच शूट करू. मी समजावून सांगितलं की काल संध्याकाळी गाडी याच पायथ्याशी माखलेली दाखवली आहे आणि वूस्टरशरचे शिक्षक जिवंत आहेत. चिखल लावायलाच हवा. फोटो आहेत, चिखल आहे, तासाभराचं काम आहे. मी डॉक्टरांकडे वळले.

"आज नाही," डॉक्टर म्हणाले. "चालवा, हवी तितकी चालवा. ती चालण्यासाठीच आहे. पण पूजा झालेल्या गाडीला आज मी चिखल लावू देणार नाही. उद्या या."

उद्या रस्ता मिळणार नव्हता. सोमवारी फिल्म एडिटिंगला जायची होती. साडेनऊ वाजले होते. डेबी मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला काय हवंय?" मी म्हणाले, "काही नको आहे. तोच प्रश्न आहे."

वहिनी गाडीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, उत्तरपूजा करून टाका ना मग. अक्षता वाहिल्या की झालं. गणपतीला सुद्धा उत्तरपूजा झाल्यावर हलवतोच ना आपण. मग ती नुसती गाडी. तिला काय फासायचं ते फासा."

डॉक्टरांनी विचार केला. हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या डॉक्टरचं मत ऐकताना करत असतील तसा. "अक्षता आणल्यास?"

"घरी देवापाशी राहिल्या."

मी केटरिंग व्हॅनकडे गेले. व्हॅनमधल्या बाईचं नाव पॅम. मी म्हणाले, "पॅम, तांदूळ आहे? कच्चा, न तुटलेला." पॅमने मायक्रोवेव्हमध्ये करायची शिजलेल्या भाताची दोन पाकिटं काढली. मी नको म्हणाले. मग तिने जरा विचार करून मिठाची मोठी बाटली उचलली आणि माझ्यासमोर हलवली. मीठ ओलं होऊ नये म्हणून तिने त्यात तांदूळ घातले होते. आम्ही दोघींनी काउंटरवर मीठ ओतून एकेक दाणा निवडला. अखंड दाणे चौदा निघाले.

डॉक्टरांनी तळहातावर घेऊन पाहिले. "हे मिठातले आहेत."

"हो."

"मीठ गाडीवर नको. गंज चढतो. धुवून आणा."

पॅमने ते चहाच्या गाळणीत धुतले. वहिनींनी त्यांना कुंकू लावलं. चढाच्या पायथ्याशी, सोळा माणसांच्या युनिटसमोर, डॉक्टरांनी बूट काढले, मोज्यांवर त्या थंड डांबरावर उभे राहिले आणि गाडीवर अक्षता वाहिल्या. पिवळ्या जॅकेटवाल्याने हेल्मेट काढून हातात धरलं. निकने मला हळूच विचारलं, "आता काय झालं?" मी म्हणाले, "आत्तापर्यंत ती पाहुणी होती. आता घरची झाली." त्याने मान डोलावली. वहिनींनी हार अलगद काढून जॅकेटच्या खिशात ठेवला.

मग चिखल. मी बादली आणि ब्रश घेऊन पुढे झाले, तर डॉक्टरांनी हात पुढे केला. "फोटो द्या."

त्यांनी चष्मा बदलला. एकतीस फोटो बॉनेटवर ओळीने मांडले. हातमोजे मागितले, ते केटरिंगकडून मिळाले. आयुष्यभर लोकांच्या कातडीवरचे डाग बघण्यात गेलेला तो माणूस माझ्या चिखलाच्या वहीचा खरा वाचक होता. "हा डाग जुना आहे, कडा सुकली आहे. हा नंतरचा, ओघळ पाहा. आणि हे तुम्ही लिहिलंय 'चार बोटं'. कुणाची बोटं? तुमची की माझी?" मी म्हणाले माझी. "इथे तसं लिहायला हवं होतं," ते म्हणाले. मी वहीत तशी दुरुस्ती केली.

कालचा चिखल लालसर होता, इथला काळा. त्यांनी पॅमकडचा कोको मागवला आणि सूपच्या डावाने ढवळून रंग जुळवला. पन्नास मिनिटांत त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच धुतलेली गाडी माखून काढली. डेबीने काल आणि आजचा फोटो शेजारी धरून पाहिला आणि तिला फरक सांगता आला नाही. नंतर तिने मला विचारलं की हे गृहस्थ पुढच्या सीझनला मोकळे आहेत का.

सव्वाअकराला निक चढायला निघाला. दुसऱ्या वळणावर, जिथे रस्ता खरा उभा होतो, गाडी गचके देऊन बंद पडली. परत खाली. परत वर. त्याच जागी बंद. तिसऱ्या वेळी क्लचचा वास आला आणि वॉकीटॉकीवर निकचा आवाज, "बिचारीचं वय झालं, दुसरं काय," आणि त्यापाठोपाठ तो हसला. माझ्या शेजारी डॉक्टर उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, ते मला जास्त लागलं.

"चोक कोण धरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

चोक म्हणजे डॅशबोर्डवरचा एक खटका. तो बाहेर ओढला की इंजिनला पेट्रोल जास्त मिळतं. या गाडीत तो पहिल्यापासून सैल होता, चढावर आपोआप आत जायचा, आणि कुणीतरी तो हाताने धरून ठेवायचा. माझ्या यादीत हे नव्हतं.

"डॉक्टर, हा दोष आधी सांगायला हवा होता."

"दोष नाही. सवय आहे," डॉक्टर म्हणाले. "तीस वर्षं मालती धरते."

बाराला वीस कमी. निकला दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते. डॉक्टरांनी कोटाची बटणं लावली. "क्लच जळायच्या आत मी चालवतो. त्यांना म्हणावं शेजारी बसा आणि चोक धरा."

सुरक्षेच्या कागदावर चालकाचं नाव निकचं होतं. डॉक्टरांची गाडी, डॉक्टरांचा विमा, डॉक्टरांचं लायसन्स. मी पेन काढलं, निकचं नाव खोडलं, वर डॉक्टरांचं लिहिलं आणि डेबीची सही घेतली. निवेदकाच्या हातून गाडी काढून घेण्याचं ते आमच्याकडचं पहिलं उदाहरण असावं.

"मालती, तू उतर," डॉक्टर म्हणाले. "वजन कमी होईल."

वहिनी मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "नाही बा. तीस वर्षं चोक धरून वर गेले. आज नुसती बसून जाणार."

त्या चढाच्या माथ्यावर मी उभी होते, कानाला वॉकीटॉकी. खालून आवाज येत होते. डॉक्टर निकला सूचना देत होते: मागे टेकू नका, पुढे झुका. अंगठ्याने नको, दोन बोटांनी. बोलू नका, लक्ष जातं. निक बोलला नाही, हेही पहिल्यांदाच. गाडी दुसऱ्या वळणावर आली, गुरगुरली, थांबल्यासारखी झाली आणि थांबली नाही. ती चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वर येऊ लागली. खरोखरच, कारण पिवळ्या जॅकेटवाला काळजीने तिच्या शेजारून चालत होता. खिडकीशी वाकून त्याने विचारलं, "सगळं ठीक आहे ना, सर?"

"उत्तम. आपण जरा बाजूने चाला, मला आरसा दिसत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्या गतीने जातानाही त्यांनी इंडिकेटर दिला.

तिथे निकचा बांध फुटला. तो हसायला लागला आणि थांबेचना. चोक न सोडता, पुढे झुकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागून वहिनींनी त्याला विचारलं, "बेटा, शंकरपाळे हवेत का? पण गाडीत खायचे नाहीत, वर गेल्यावर." तो आणखी हसला. माथा येईपर्यंत तो हसत होता आणि सगळं टेपवर रेकॉर्ड होत होतं. एकला दहा मिनिटं कमी असताना गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. युनिटने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझा शब्द मोडत होता आणि मी तो ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात कच्ची फिल्म पाहिली. सगळं हसू त्यात होतं. मी बसून यादी केली: निक कुठे कुठे हसतो, किती सेकंद. सात जागा निघाल्या. डेबीला दिली. ती वाचून खूश झाली. "विज, सुंदर. ही प्रोमोसाठी केलीस ना?" मी तिला डॉक्टरांना दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं. यादी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हे तू कबूल करायला नको होतंस." ते मला माहीत होतं. "आणि मी काढू शकत नाही. अख्ख्या सीझनमध्ये याच्याइतकं चांगलं काही नाही." तेही मला माहीत होतं. सातही जागा राहिल्या.

डॉक्टरांना फोन करून आधी सांगावं असं मी ठरवलं. तीन दिवस यादीत सर्वात वर 'देशकरांना फोन' होतं. मी खालची सगळी कामं केली. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. रविवारी संध्याकाळी कार्यक्रम लागणार, बावीस लोक बोलावले आहेत, मंडळातले आणि हॉस्पिटलमधलेही, तुम्ही नक्की या. मी न जाण्याची पाच कारणं तयार केली होती. पण जिचं काम गाडी परत केल्यावर मालकासमोर उभं राहणं आहे, तिने त्या दिवशी घरी बसणं बरं दिसत नाही. गेले.

दिवाणखान्यात सतरंजीपर्यंत माणसं. त्यात त्यांचे दोन जुने ज्युनिअर्स, आता स्वतः पिकलेले. डॉक्टर टीव्हीसमोरच्या खुर्चीत, टाय लावून. फिल्म लागली. ओढा झाला, चिखल झाला. मग चढ. पिवळ्या जॅकेटवाला वाकून बोलला, डॉक्टरांनी इंडिकेटर दिला, निक हसायला लागला. खोलीतल्या बावीस लोकांनाही हसू आलं होतं आणि बावीसही जणांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हसत नव्हते. कुणीच हसलं नाही. सातही जागा त्या खोलीत अशाच गेल्या, भजी हातात धरलेली, तोंडं मिटलेली. शेवटी गाडी माथ्यावर आली, फिल्म संपली आणि जाहिरात लागली.

मी उठले. "डॉक्टर, मी शब्द दिला होता. तो माझ्या हातात नव्हता आणि तरी दिला. माझं चुकलं."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रिमोट घेऊन व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेली टेप मागे नेली, चष्मा बदलला आणि टीव्हीपासून एक फुटावर स्टुलावर बसले. निक हसला की थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा लावायचे. सातही वेळा.

"इथे तो मला हसतोय," ते म्हणाले, काचेवर बोट ठेवून. "इथेही मलाच, इंडिकेटरला. हा त्या जॅकेटवाल्याला. हे दोन शंकरपाळ्यांचे, म्हणजे मालतीला. इथे तो स्वतःलाच हसतोय, चोक धरून बसलाय म्हणून. आणि हा शेवटचा, हा आनंदाचा आहे." ते माझ्याकडे वळले. "त्या दिवशी वॉकीटॉकीवर एकदा हसला होता तो गाडीला. ते त्यांनी घेतलेलं नाही. इथे गाडीला कुणीही हसलेलं नाही."

"पण तुम्हाला हसले, डॉक्टर."

"मला हसायचं नाही असं आपलं कुठे ठरलं होतं?"

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "आणि मला हसले त्याचं?"

"ते तू विजयाबाईंना दारात सांगायला हवं होतंस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी टेप पहिल्यापासून लावली, पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, आणि या वेळी इंडिकेटर आला तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच हसले.